पांढरी चार

मार्च संपायला आला की अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतले कडुनिंब फुलतात आणि मी खिडकी लावून घेते. अकरा वर्षं झाली, तरी घेते. शेजारणी म्हणतात, काय छान वास सुटलाय नाही! आणि मी मनातल्या मनात म्हणते, अगं बाई, परीक्षा आली. खरं तर परीक्षा माझी नव्हतीच. माझ्या मुलीची, तन्वीची होती. पियानोची तिसरी ग्रेड. पण नापास झाल्यासारखं जर कुणाला वाटलं असेल तर ते मला, आणि ते अजून गेलेलं नाही.

मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीच्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवायचे. तीही कुणाकडे बसून रीतसर शिकलेली नाही, बघून-ऐकून हाताला आलेली. लग्न होऊन अबुधाबीला आले तेव्हा सामानात पेटी आणली, आणि विमानतळावर कस्टमवाल्यानं ती उघडून दाखवायला लावली तेव्हा उभ्याउभ्या दोन ओळी वाजवूनही दाखवल्या. तो हसला, म्हणाला, "खलास, खलास, गो." इथे तिचा उपयोग गणपतीच्या आरतीपुरता. एरवी ती कपाटावर, खोळीत.

तन्वी सहा वर्षांची असताना तिला पियानोचं वेड लागलं. शाळेत होता म्हणे एक. मग सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मायदेशी परत निघालेल्या एका फिलिपिनो कुटुंबाकडून जुना, उभा, तपकिरी पियानो आणला. आमचं घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचे पाच भाग पाडून केलेल्या घरांपैकी वरचं, मधलं. जिन्यातून पियानो वर चढवताना सुहास कामाला होता त्या मुसफ्फाहच्या यार्डातले त्याचे चार मित्र घामाघूम झाले होते आणि मी त्यांच्यासाठी पोहे करत होते. पियानोला जागा मिळाली ती खिडकीच्या एसीखाली. तिथेच तो इतकी वर्षं आहे.

शिकवायला मिस नारिने यायच्या. मूळच्या आर्मेनियाच्या, पण वीस वर्षं इथे काढलेल्या, त्यामुळे चल म्हणायला "यल्ला" आणि झालं म्हणायला "खलास" तोंडात बसलेले. दर मंगळवारी चार वाजता येत, बूट दारात नीट जोडून ठेवत, माझा चहा दोन कप पीत आणि तन्वीच्या मनगटाखाली पेन्सिल धरून बसत. मनगट खाली आलं की पेन्सिल टोचायची. मला ते बघवायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती, कारण कार्टीला ते आवडायचं.

तिसऱ्या ग्रेडला तीन तुकडे वाजवायचे होते, आणि त्यातला एक दोघांनी मिळून वाजवला तरी चालणार होता. मिस नारिनेंनी मुद्दाम तसला निवडला. एकाच पियानोवर दोन माणसं, चार हात. वरचा अर्धा परीक्षेला बसलेल्या मुलीनं वाजवायचा, खालचा अर्धा दुसऱ्या कुणीतरी. अडीचशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाकडे घरोघरी असंच चालायचं म्हणे. संध्याकाळी जेवणं उरकली की बहिणी-बहिणी, मायलेकी एका बाकावर बसायच्या. त्या काळच्या संगीतातलं निम्मं तर दिवाणखान्यासाठीच लिहिलेलं, असं मिस नारिने म्हणायच्या. मला ते फार पटलं. आमचं भजनी मंडळ तरी कुठे स्टेजवर गेलं कधी.

तर तो तुकडा होता मिन्युएट. तीन-तीन मात्रांचा नाच. मिस नारिने "वन टू थ्री" म्हणायच्या आणि मला मात्र तसे दोन-दोन फेरे जोडून सरळ सहा मात्रांचा दादरा ऐकू यायचा. मांडीवर मी तो धरलाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नाचणाऱ्याचं पाऊलही सहा मात्रांनीच पुरं होतं, तू बरोबर आहेस. असा आनंद झाला मला! आठवडाभर मी सुहासला ते ऐकवत होते. शेवटी तो म्हणाला, "कळलं गं बाई, तुला व्हिएन्नाचं बोलावणं येईल आता."

अडचण अशी की मंगळवारी खालचा अर्धा मिस नारिने वाजवायच्या, पण बाकीचे सहा दिवस तो वाजवायला कुणीच नव्हतं. तन्वी एकटीच वरचा अर्धा वाजवत बसायची आणि तो फार एकाकी वाटायचा. एक दिवस चहा पिता पिता मिस नारिनेंनी कपाटावरच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाल्या, "यू प्ले, नो? यल्ला, सिट."

त्या पाच रेघांवरचे ठिपके मला वाचता येत नाहीत. आजही येत नाहीत. मग त्यांनी खालचा अर्धा माझ्या फोनवर वाजवून दिला आणि तो ऐकून ऐकून मी दोनशे पानी वहीत सरगम लिहून काढली. सा प ग प ग प, सा प ग प ग प. डाव्या हाताला नुसता सा, उजव्याला बाकीचं. दिसायला बालवाडीतलं. पण पेटीवाल्या माणसाचा डावा हात जन्मभर भाता मारत आलेला! त्याला सूर कुठले माहीत? पहिले आठ दिवस तन्वी म्हणायची, "आई, युअर लेफ्ट हँड इज फॅनिंग." आणि खरंच, तो हवेत पुढे-मागे होत असायचा. ती बाकावरून पडायची हसून.

ते दीड महिने मी विसरू शकत नाही. दुपारी तीनला शाळेची बस यायची. वरणभात, मग बाक. मी डावीकडे, ती उजवीकडे. तिचं डावं कोपर माझ्या उजव्या कोपराला लागायचं आणि दर वेळी ती "एक्सक्यूज मी, मॅडम" म्हणायची. एसी बंद करावा लागे, कारण त्याची घरघर आमच्या खालच्या सुरांमध्ये मिसळायची. खिडकी उघडली की कडुनिंबाचा वास यायचा, आणि बारीक धूळही. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, अजान सुरू झाली की आम्ही हात मांडीवर ठेवून थांबायचो, ती संपली की जिथे सोडलं तिथून पुढे. खाली राहणाऱ्या मल्याळी टीनाची सासू एकदा वर येऊन म्हणाली, तुमचं आता मलाही पाठ झालंय.

त्या काळच्या संगीताला शिस्त भारी. एक वाक्य प्रश्न विचारणार, तितक्याच लांबीचं दुसरं उत्तर देणार. कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. मिन्युएट झाला की मध्ये ट्रिओ नावाचा भाग येतो, थोडा मऊ, आणि त्याचा सा वेगळा. आमचा मिन्युएट पांढरी एकचा, म्हणजे पेटीवर पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरायचा. ट्रिओमध्ये सा उठून पांढरी चारवर जायचा. आणि ट्रिओ संपला की पुन्हा पहिल्यापासून मिन्युएट, पुन्हा पांढरी एक. "गो नेक्स्ट डोअर, अँड कम होम," असं मिस नारिने समजावायच्या. सुहास स्वयंपाकघरातून ओरडला, "म्हणजे ॲन्युअल लीव्ह!"

आणखी एक गंमत. पहिल्यांदा वाजवताना मिन्युएटचा प्रत्येक भाग दोनदा घ्यायचा, पण ट्रिओहून परत आल्यावर मात्र एकदाच. मी मिस नारिनेंशी यावरून भांडले. म्हटलं, परत आल्यावर तर उलट जास्त वेळा म्हणायला हवं, आमच्याकडे मन भरेपर्यंत ओळ सोडत नाहीत. त्यांनी खांदे उडवले. म्हणाल्या, "नाऊ दे नो यू." आता ओळख झालीय, पुन्हा सांगायची गरज नाही. मला नाही पटलं. काही गोष्टी माणसाला दोनदा सांगायला लागतात.

तन्वीला मी त्या दिवसांत शकूमावशींच्या गोष्टी सांगायचे. शकूमावशी आमच्या भजनी मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या. दम्याच्या पेशंट. गळा धरला की गाता गाता, कुणाला न सांगता, सा बदलायच्या. वर नाहीतर खाली, वाटेल तिथे. आणि त्यांचा दंडक होता की पेटीवालीनं मान वर करून बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. त्या जिथे गेल्या तिथे मुकाट्यानं त्यांच्या मागे यायचं. "साथीला बसलीस ना? मग साथ कर," म्हणायच्या. मी हे तन्वीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "बट व्हॉट इफ शी वॉज राँग?" मी म्हटलं, चूक असली तरी. एकटं नाही सोडायचं गाणाऱ्याला.

परीक्षेच्या सहा दिवस आधी मिस नारिनेंची आई येरेवानला आजारी पडली आणि त्या मिळेल त्या विमानानं गेल्या. जाता जाता फोन केला. मला आजही त्यांचा आवाज ऐकू येतो. "यू नो इट. यू डू इट. खलास." तन्वीनं उड्या मारल्या. मी वही उघडून बसले.

परीक्षा शहरातल्या एका संगीतसंस्थेत होती. बाहेरच्या खोलीत मुलं पांढऱ्या शर्टात बसलेली, आया त्यांच्या बोटांना कोमट पाण्याच्या बाटल्या धरायला देत होत्या, कारण आतला एसी कडाक्याचा. जोडीच्या तुकड्यापुरतं मला आत बोलावलं. परीक्षक म्हणजे पिकलेल्या केसांची, इंग्लंडहून आलेली एक बाई, समोर कागद, हातात पेन्सिल. मी माझी दोनशे पानी वही स्टँडवर ठेवली तेव्हा ती डोकावून म्हणाली, "हाऊ लव्हली."

मिन्युएट उत्तम गेला. ट्रिओ तर असा गेला की मला वाटलं, वा! आणि त्या "वा"मध्येच घात झाला. पहिल्या पानावर परत आले. वहीत लिहिलेलं सा प ग प ग प. हात पांढरी चारवर होता, तिथलाच सा धरला आणि मी सुरू झाले. जन्मभराची सवय, सा जिथे ठेवला तिथून गाणं. आणि कहर म्हणजे पहिला सूर जुळला! कारण तिचा सा हा माझ्या नव्या साचा पंचम होता. पुढच्या सुराला मात्र असं काही कचकचलं की खोलीतला एसीसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

आणि मी काय केलं? मी तन्वीकडे वळून डोळे वटारले.

मला वाटलं ती चुकली. माझ्या डोक्यात आलंच नाही की मी चुकले असेन. अकरा वर्षांची पोर, पांढऱ्या शर्टात, परक्या बाईसमोर, बरोबर वाजवत होती आणि तिची आई तिला डोळे दाखवत होती. तिनं हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवले. कान लाल झाले तिचे. परीक्षक मऊ आवाजात म्हणाली, परतीचा भाग पुन्हा सुरू करायचा का? तेव्हा मी खाली पाहिलं आणि माझा हात कुठे आहे ते मला दिसलं.

दुसऱ्यांदा ठीक वाजवलं आम्ही. गाडीत ती मागे बसली. मी आरशात बघत होते, ती खिडकीबाहेर. मुसफ्फाहच्या पुलाशी आलो तेव्हा म्हणाली, "आई, इट्स ओके." मी म्हणायला हवं होतं, सॉरी बाळा, चूक माझी होती आणि मी तुझ्यावर डोळे वटारले. एवढंच. त्याऐवजी मी विचारलं, भूक लागलीय का. कसलं हे तोंड देवानं दिलंय मला, नको तेव्हा तासभर चालतं आणि हवं तेव्हा भूक लागलीय का!

पास झाली ती. त्या तुकड्याला मार्क कमी पडले. मिस नारिने परत आल्या, त्यांची आई बरी झाली होती, त्यांनी निकालाचा कागद बघून खांदे उडवले. पण मी वही उचलली आणि पेटीच्या खोळीत टाकली. पुन्हा त्या बाकावर बसले नाही. तन्वी एक-दोनदा म्हणाली, आई, ये ना. मी म्हटलं, कणीक मळायचीय. मग तिनं बोलावणं सोडलं, आणि मी धरून चालले की तिच्या मनातून मी उतरले. बरोबरच आहे, म्हटलं.

पुढची सगळी वर्षं मी तिचं वाजवणं स्वयंपाकघरातून ऐकलं. ती आठव्या ग्रेडपर्यंत गेली. रोंडो वाजवायची तेव्हा पहिली चाल घराभोवती फेऱ्या मारून दर वेळी दारात येऊन उभी राहायची. एकाच चालीची दहा रूपं करायची असत तेव्हा मी प्रत्येकात मूळची चाल शोधत भाजी चिरायचे. आणि सोनाटा. त्यात सुरुवातीला दोन चाली असतात, एक घरच्या सुरातली, दुसरी परक्या सुरातली. मध्ये बरीच भांडणं, पळापळ. शेवटी दोन्ही चाली परत येतात, आणि त्या वेळी ती परकी चालसुद्धा घरच्याच सुरात येते. हे मला कुणी समजावलं नाही, कांदा परतताना माझं मलाच कळलं. त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले. कांद्यामुळे असं सुहासला सांगितलं.

आता जूनमध्ये आम्ही परत चाललोय. सुहासचं इथलं काम संपतंय. इचलकरंजीला घर बांधून ठेवलंय. तन्वी इथेच राहणार, दुबईत नोकरी लागलीय, इंटरनॅशनल सिटीत दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. तिच्या खोलीत पलंग आणि टेबल मावतं तेच नशीब, पियानो कुठला. म्हणून तो खालच्या टीनाच्या सहा वर्षांच्या लेकीला द्यायचा ठरला. तेही नव्या घरी चाललेत, त्यामुळे त्यांच्या सामानाच्या पिकअपमधूनच तो जाणार. शनिवारी, असरनंतर.

शुक्रवारी संध्याकाळी तन्वी बसनं आली. शनिवारी सकाळपासून आवराआवर. मी पेटी खोळीतून काढली तर वही सटकन खाली पडली. तन्वीनं उचलली, पानं उलटली. माझं ते बाळबोध अक्षर, "सा = पांढरी १", "सा = पांढरी ४", आणि शेवटी "पुन्हा पहिल्यापासून".

"आई, लेट्स प्ले इट," ती म्हणाली.

"वेडी का तू? अकरा वर्षं हात लावला नाही मी."

"लायर. तू घरात कुणी नसताना वाजवतेस. टीनाआंटीनं सांगितलं मला."

आता टीनाला काय म्हणावं! पण खरं होतं. घरात कुणी नसलं की मी बसायचे, खालचा अर्धा एकटीच वाजवायचे. वरचं काही नसताना ते नुसतंच सा प ग प, ऐकणाऱ्याला काही अर्थ लागू नये असं. आणि दर वेळी ट्रिओ संपला की हात उचलून नीट पांढरी एकवर आणून ठेवायचे. अकरा वर्षं मी बाकी काही नाही, तेवढंच घोटलं होतं.

बसलो. मी डावीकडे, ती उजवीकडे. एसी बंद केला तिनं, न सांगता. कोपर लागलं. "एक्सक्यूज मी, मॅडम." तिला सगळं पाठ होतं, नोटेशनचं पुस्तक कधीच कुणाला देऊन टाकलेलं. मिन्युएट झाला. ट्रिओ झाला. मी हात उचलला, पांढरी एकवर ठेवला आणि सुरू केलं.

कचकचलं. तसंच, अगदी तसंच.

मी खाली पाहिलं. माझा हात बरोबर होता. पांढरी एक. मग तिच्या हातांकडे पाहिलं. ती पांढरी चारवर होती.

"आई!" ती ओरडली. "यू वेअर सपोज्ड टु गो देअर!"

"कुठे?"

"पांढरी चारला! मी सगळा मिन्युएट शिकलेय तिथून. त्याच वर्षी, समर व्हेकेशनमध्ये. मिस नारिने म्हणाल्या, व्हाय, आणि मी म्हटलं, आई परत तिकडे गेली तर मला तिच्या मागे जाता यायला पाहिजे." तिनं पट्ट्यांकडे बघत नाक ओढलं. "शकूमावशींचं तूच सांगितलं होतंस. एकटं नाही सोडायचं. पण तू बसलीच नाहीस परत."

शेवटी अकरा वर्षं म्हणायचं राहिलेलं तेच बाहेर आलं. "तन्वी, सॉरी गं. चूक माझी होती, आणि मी डोळे तुझ्यावर वटारले."

"आय नो," ती म्हणाली. "आय वॉज देअर." आणि हसली, आणि मग रडली, आणि मी तर काय, कांदाही नव्हता सांगायला.

असरची अजान सुरू झाली. आम्ही दोघींनी हात मांडीवर ठेवले. ती संपली तेव्हा खाली पिकअपचा हॉर्न वाजला, जिन्यात माणसांची पावलं ऐकू आली आणि सुहास दारातून म्हणाला, "अगं, आले ते."

"दोन मिनिटं, बाबा," तन्वीनं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यल्ला, आई. पुन्हा पहिल्यापासून."

मी हात उचलला आणि पांढरी चारवर ठेवला.